लंगडूसाठी धरणं

या, असे पुढं सरका. सतरंजी सगळ्यांना पुरेल. एका मुक्या जिवाची गोष्ट सांगायची आहे, ती लांबून ऐकू यायची नाही.

शिंपीण मावशीच्या दुकानात बैठक भरली होती आणि कवायतीचे मास्तर सगळ्यांना मार खायला शिकवत होते.

"डोकं गुडघ्यांत. हात मानेवर. काठी पडली तरी हात उगारायचा नाही."

"आणि तोंडात शिवी आली तर?" पाट्या रंगवणाऱ्या रंगाऱ्यानं विचारलं.

"गिळायची."

"मास्तर, माझ्या सासूनं जन्मभर मला हेच शिकवलं," मावशी म्हणाली. "मला सराव नको."

हशा पिकला आणि विझला. शिलाई मशीनखालची जागा रिकामी होती. तिथं लंगडू झोपायचा, तीन पायांचा म्हातारा कुत्रा. नवरा गेल्यापासून त्या घरात मावशीखेरीज श्वास चालायचा तो त्याचाच. मावशी आत गिऱ्हाइकाचं माप घेत असताना कुत्रागाडीनं त्याला उंबऱ्यावरून उचललं होतं.

कोंडवाड्याचा नियम साधा. आत गेलेलं जनावर बाहेर येत नाही. महिनाअखेरीला डॉक्टर येतो, सुया टोचतो, पिंजरे रिकामे होतात. तोवर गजांतून बघायला हरकत नव्हती. मावशी रोज जायची. खरजेनं सोललेली, एकमेकांच्या अंगावर कोंबलेली कुत्री, आणि त्या गर्दीत तिला बघून धडपडत उभा राहणारा लंगडू.

"महिनाअखेरीच्या आत धरणं धरायचं," मावशीची भाची म्हणाली. ही सगळी खटपट तिचीच. "पेपरवाल्यांना घेऊन जायचं. हे पिंजरे एकदा छापून आले की कोंडवाड्याच्या साहेबांना कुत्री सोडावीच लागतील. पण न सांगता जायचं. अचानक."

मावशीनं दातानं दोरा तोडला. "न सांगता? चोर आहोत का आपण?"

"अगं मावशी, सापाला सांगून का कुणी काठी उचलतं?"

"आपण काठी उचलतच नाही ना? मग लपवायचं काय? ज्याच्या दारात बसायचं, त्याला सांगून बसावं. लपूनछपून माझा लंगडू सुटायला नको."

"मावशी, तुम्ही देवाघरीसुद्धा दार वाजवून जाल," रंगारी म्हणाला.

"मग? तिथं काय घुसायचं?"

भाची हरली. मावशीपुढं आजवर जिंकलंय कोण!

मावशी आणि मास्तर कोंडवाड्याच्या कचेरीत गेले. साहेब उठून उभे राहिले. खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं.

"सांगून येणारी माणसं हल्ली राहिलीत कुठं?" ते म्हणाले. "सोमवारी पेपरवालेही येणार म्हणता?"

"येणार."

"फोटो काढणार?"

"तुम्ही आत येऊ दिलंत तर."

साहेब जरा वेळ खिडकीतून पिंजऱ्यांकडं बघत राहिले. "येऊ देऊ की. फक्त सोमवारऐवजी गुरुवारी या. थोडी साफसफाई करून घेतो. त्यातला तुमचा कोणता?"

"तीन पायांचा."

"बरं. ध्यानात ठेवतो."

बाहेर आल्यावर मावशीचे डोळे भरून आले. "बघितलंत मास्तर? माणसाला माणूस समजून बोललं की तो माणूसच निघतो."

मधल्या दिवसांत फाटक बंद होतं. साफसफाई चालू, रखवालदारानं सांगितलं. आत पाण्याचा फवारा चालल्याचा आवाज येत होता. बिचाऱ्यांची अंगं तरी धुऊन निघतील, असं म्हणत मावशी परतली.

गुरुवारी मंडळी निघाली. रंगाऱ्यानं टोपीत कापूस भरून घेतला होता. भाची चालता चालता मानेवर हात ठेवून बघत होती. काठ्या कोणत्या वळणावर भेटतील, एवढंच सगळ्यांच्या मनात.

काठ्या नव्हत्या. फाटक सताड उघडं होतं. साहेबांनी सगळ्यांसाठी सरबत मांडलं होतं. पिंजरे धुतलेले, भिंतींना नवा चुना, दारं उघडी. आत एकही जनावर नाही. पेपरवाल्यानं फोटो काढले.

"सोडली!" भाची ओरडली. "मावशी, सोडली गं सगळी! तुझंच खरं झालं!" आणि ती मावशीच्या पायाच पडली. मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. रंगाऱ्यानं टोपीतला कापूस हवेत उधळला.

मावशीला घराची घाई झाली. लंगडूला वाट ठाऊक होती. एव्हाना उंबऱ्यावर येऊन बसला असेल. निघता निघता ती साहेबांपुढं थांबली आणि तिनं हात जोडले.

"देव तुमचं भलं करो, साहेब. कधी सोडलंत त्यांना?"

साहेबांनी तिला बाजूला घेतलं. आवाज खाली आणला.

"सोडायचा नियम नाही हो, मावशी. तुम्ही आधी सांगितलंत म्हणून बरं झालं, नाहीतर कुत्री पेपरात तशीच दिसली असती. महिनाअखेरीपर्यंत थांबलोच नाही, डॉक्टरांना त्याच दिवशी बोलावून घेतलं. आणि तुमच्या तीन पायांच्याला मी सगळ्यांत आधी घ्यायला लावलं. म्हटलं, उगाच ताटकळायला नको."

आज निजताना लंगडूला आठवा, बाबांनो.