तिसरं पान

“आत या की काका. आज दारी आलेल्याला उपाशी धाडत न्हाईत,” दार उघडणारी म्हणाली, आणि नाव सांगायला उघडलेलं महेश्वरचं तोंड तसंच मिटलं.

नवी पेठेतलं घर तेच होतं. खाली तेवढी टॉवेल-चादरींची दुकानं झाली होती. जिनाही तोच. अकरावी पायरी अजून हलत होती. छत्तीस वर्षांपूर्वी तो मॉरिशसहून इथल्या कॉलेजात शिकायला आला, तेव्हा पहिल्याच दिवशी त्या पायरीनं त्याला पाडलं होतं. घरमालकीण प्रभाकाकू हसत हसत हळद घेऊन धावली होती.

“प्रभाकाकू आहेत का?”

“सासूबाई? त्या गेल्या की. तीन वर्सं झाली. मामंजी त्याच्याबी आधी. मी रुपाली, धाकटी-थोरली काय म्हणाल ती एकच सून. तुमी वळखीचे का त्यांच्या?”

“होतो,” तो म्हणाला. “जुना.”

पुढचं सांगावंसं वाटेना. कुणाला सांगायचं? बायको गेल्यापासून पोर्ट लुईच्या घरात घड्याळ तेवढं बोलायचं. मुलं फ्रान्सला. त्याला महेश्वर म्हणणारे होते, सर म्हणणारे होते. पण काकूनं ठेवलेल्या नावानं हाक मारणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. समुद्र ओलांडून आला म्हणून ‘समिंदर’. भाकरी थापता थापता ती त्याला चिडवायची:

समिंदराच्या पल्याडून, पाव्हणा आला माझ्या दारी
ताटामंदी वाढीते मी, कडक जवारीची भाकरी

ती एक हाक ऐकायला तो दोन विमानं आणि एक रेल्वे करून आला होता. उशीर त्याचाच झाला होता. परत गेल्यावर त्यानं चार पत्रं लिहिली. पाचव्यात लिहिलं, पुढच्या दसऱ्याला नक्की येतो. येणं झालं नाही. मग लिहायची लाज वाटली. मग लाजेवरही वर्षं साचत गेली.

रुपालीनं त्याला गच्चीवर नेलं. कठड्यावर तीन पानं मांडलेली. भात, वडे, खीर, गवारीची भाजी. दोन पानं विसकटलेली. तिसरं जसंच्या तसं, खिरीवर साय धरलेलं.

“सर्वपित्री अमावस्या आज,” ती म्हणाली. “हे एक मामंजींचं, हे सासूबाईंचं. सासूबाईंच्या पानावर तर कावळा असा तुटून पडला, जणू गाडी सुटत होती त्याची. आता ह्या तिसऱ्यासाठी बसायचं. शिवल्याबिगार आपल्याला घास न्हाई. पोटात कावळे कोकलायला लागले, आन खरा कावळा येईना!”

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे गालाला जरा दुखलं.

“तुमचे यजमान?”

“अद्वैत पुण्याला. सुट्टी न्हाई म्हणाले. पितरांना बरी सुट्टी असती!”

अद्वैत. तेव्हा पाळण्यात होता. त्याला झोका देत महेश्वरनं अख्खा इतिहासाचा पेपर पाठ केला होता.

“काकू कधी जुन्या भाडेकरू मुलांची आठवण काढायच्या?” त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“ढीगभर पोरं राहून गेली की वरच्या खोलीत. मला येऊन आठच वर्सं झाली. कुणाकुणाचं ठावं असणार!”

बरोबरच होतं. ढिगातला एक. त्यानं पिशवी जवळ ओढली. आत काकूसाठी आणलेली व्हॅनिलाच्या चहाची डबी होती. देऊन टाकावी आणि संध्याकाळच्या गाडीनं निघावं.

“तिसरं पान कुणाचं?” उठता उठता त्यानं विचारलं.

“सासूबाईंच्या लेकाचं.”

तो पुन्हा बसला. म्हणजे अद्वैतच्या पाठीवर आणखी एक झाला होता, आणि गेलाही होता. काकूच्या घरात एवढं आभाळ कोसळलं आणि आपल्याला पत्ताच नाही.

“दरवर्सी असंच,” रुपाली सांगत होती. “बाकीच्या पानांवर झडप, ह्याच्याकडं वळूनबी बघत न्हाय. सासूबाई हात जोडून उभ्या ऱ्हायच्या. तुझी पुस्तकं रद्दीत घालणार न्हाय म्हणाल्या, तुझ्यावर राग न्हाय म्हणाल्या. ऊन उतरंस्तवर उभ्या. काय मनात राहिलंय पोराच्या, कुणाला कळंना. काका, तुमी त्यांच्या वळखीचे. तुमी बोलून बघा की. परक्याचं ऐकतोय बी एखाद्या वेळी.”

महेश्वर उठला. बूट काढले. न पाहिलेल्या त्या मुलासाठी तो कठड्याजवळ गेला. त्यानं पानासमोर हात जोडले.

“बाळा, तुझी आई वाट बघून बघून गेली रे. आता रुसू नकोस. जेव.”

पाण्याच्या टाकीवर बसलेल्या कावळ्यानं मान वळवली, पानाकडे पाहिलं, आणि दुसऱ्या बाजूला उडून गेला.

“बघा,” रुपालीनं सुस्कारा सोडला. “आता गवताचाच करावा लागतोय.” तिनं दर्भाच्या चार काड्या घेतल्या आणि गाठ मारून कावळा वळायला बसली.

“कसा गेला?” त्यानं हळू विचारलं.

“लांब गेलावता. तिकडंच काय ते झालं. कुणी कळवलं न्हाय, बघायलाबी गावला न्हाय. पत्रं बंद झाली, त्यावरनंच वळखलं सासूबाईंनी. मामंजी म्हणायचे, अगं, विसरला असंल. तर त्यांच्यावर अशा खवळायच्या! म्हणायच्या, माझं पोर इसरणारं न्हाय. जित्ता असता तर आला असता.”

तिनं दर्भाचा कावळा भातावर टेकवला आणि सासूनं शिकवलं होतं तसं, हळू आवाजात, नाव घेऊन हाक मारली.

“जेव रे, समिंदर.”