चढाचा विक्रम

टेकडीवरच्या दवाखान्यात नोकरीला असलेल्या नर्सबाईंच्या मनगटावर नवरा रोज सकाळी स्वतःचं स्मार्ट घड्याळ बांधायचा. सायकलने चढ चढायच्या त्या. घड्याळाने परस्पर पाठवलेली वेळ मात्र त्याच्या नावाने सायकल क्लबाच्या यादीत झळकायची. वरून उपदेश फुकट.

"शेवटच्या वळणावर रेंगाळतेस गं तू! काल तुझ्यापायी मी दुसरा आलो."

बाईंच्या डोक्यावरून पाणी गेलं. एकदाचं याचं पितळ उघडं पडू दे, म्हणत त्या दुसऱ्या दिवशी घड्याळासकट सरळ बसमध्ये बसल्या. अठ्ठावीस मिनिटांचा चढ सहा मिनिटांत संपला.

संध्याकाळी नवरा चषक मिरवत घरी आला. क्लबाने त्याला नवशिक्यांचा प्रशिक्षक नेमलं होतं.

"बघितलंस?" तो म्हणाला. "माझं ऐकलं, की पाय कसे भराभर चालतात!"