मिनिटभराची शांतता

हवाई हल्ल्यात गेलेलं स्वयंपाकघर आम्ही सिनेमासाठी प्लायवूडचं पुन्हा उभारलं होतं. आईच्या भूमिकेत त्या घरातली खरी आईच होती. मुलगी त्याच हल्ल्यात गेली. तिच्या जागी दुसऱ्या कुणाला आईने उभं राहू दिलं नाही.

शॉट संपला. "आता मिनिटभर कुणी शिंकायचंही नाही," मी दरडावलं. प्रत्येक सेटची नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवायची, हे माझं काम.

माझ्या हेडफोनमध्ये बादलीत पाणी पडू लागलं.

सेटवरच्या नळाला पाइपच जोडलेला नव्हता. बाकी कुणाच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला हेडफोन काढवेना.

दिवसभरात पहिल्यांदाच आई हसली.

"पुरे गं, भरली बादली."

माझ्या कानात नळ बंद झाला.