गळपट्टी

“रबराला दोन वैरी, साहेब. ऊन आन् तेल,” वीरण्णा म्हणाला आणि त्याच्या बायकोच्या, महानंदाच्या हातातला दोर ढिला पडला.

जॅकवेलच्या, म्हणजे तलावातून पाणी उपसायच्या विहिरीच्या कठड्यावर तो पाणबुड्याचा सूट अंगात चढवून, कमरेला तोच दोर बांधून बसला होता. पायाच्या बोटांपासून मानेपर्यंत सलग रबर. आत थेंबभरही पाणी जात नाही. खाली, तलावाच्या तळाशी उरलेल्या पाण्यात गाळ होता आणि मेलेली जनावरे होती. त्याच पाण्यात खालची झडप अडकून बसली होती. ती उघडली, तर पाऊस येईपर्यंत गावाची तहान भागणार होती. लातूर जिल्हा वेगळा होऊन वर्षही झाले नव्हते. नव्या कचेरीतून रोज विचारणा होत होती आणि बांधावर सारे गाव रिकाम्या घागरी घेऊन उभे होते.

सूट इतकी वर्षे कसा टिकला, असे अभियंता शेषेराव यांनी सहज विचारले होते. एरवी दोन शब्दांत उत्तर देणारा वीरण्णा आज सविस्तर सांगत होता, तेही चढ्या आवाजात. तेलाने रबर फुगते. हाताला मऊ लागते, डोळ्यांना नवे दिसते. पण खाली पाण्याचा दाब पडला की पिकल्या सीताफळासारखे उकलते. मग सूट पाण्याने भरतो, माणूस भरल्या मोटेएवढा जड होतो. त्याला पायऱ्या चढता येत नाहीत आणि वरच्यांना तो ओढवत नाही.

महानंदा हे प्रथमच ऐकत होती. मुंबई बंदरातली नोकरी संपवून वीरण्णा हा सूट घेऊन निलंग्याला परतला, तेव्हापासून त्याची निगा दोघांनी मिळून राखली होती. काम झाले की गोड्या पाण्याने पुसायचा, अंधाऱ्या खोलीत टांगायचा, चेनला मेण घासायचे, गळ्याच्या आणि मनगटाच्या पाणी अडवणाऱ्या पट्ट्यांना पावडर लावायची. स्वयंपाकघरात न्यायचा नाही. नखे वाढलेल्या हाताने धरायचा नाही. नियम त्याने सारे सांगितले होते. कारणे सांगितली नव्हती.

हिवाळ्यात तो नांदेडला दवाखान्यात पडून होता. घरी तिने सूट उतरवून पाहिला, तर गळपट्टी पांढरीफटक दिसली. ती त्याने जाण्यापूर्वी जाड थापलेली पावडर होती, पण तिला ते ठाऊक नव्हते. तिला वाटले, दुष्काळी वाऱ्याने रबर तडकले. देवणीला तिच्या माहेरी मोटेचे कातडे असे सुकले, की वडील त्याला करडीचे तेल चोळत. ती मोट पुढे कितीतरी वर्षे टिकली होती. तिनेही तळहाताने तेल चोळले, रोज, दिवेलागणीला, तो बरा होऊन घरी येईपर्यंत. पट्टी मऊ झाली, तेव्हा तिला समाधान वाटले होते.

“बघ,” वीरण्णा म्हणाला आणि त्याने हनुवटी वर केली.

दोर ज्याच्या हाती, त्यानेच सूट तपासायचा, ही बंदरावरची शिस्त त्याने इथेही सोडली नव्हती. तिने बरे म्हटल्याखेरीज तो कधी उतरला नव्हता. गळ्यातले इष्टलिंग त्याने नेहमीप्रमाणे दंडाला बांधले होते, कारण पट्टीखाली दोरी राहिली तर तिच्या कडेने पाणी शिरते. इतका तो काटेकोर.

महानंदाने पट्टीखाली बोट घातले. रबर बोटाला चिकटले. तिने बोट काढले, तेव्हा पट्टीची कड ताणून वर आली आणि तशीच लोंबत राहिली.

“आक्का, नवरदेव सजवून राहिल्या का?” बांधावरून शेजारची धुरपता ओरडली. “मुहूर्त टळंल की.”

लोक हसले. शेषेरावांनी घड्याळाकडे पाहिले. वीरण्णा खालच्या हिरव्या पाण्याकडे पाहत होता. त्याच्या कपाळावरचे भस्म घामाने ओघळले होते. महानंदाने दोर मनगटाला एक वेढा दिला, मग सोडवला. तो उतरला, तर हा दोर तिलाच ओढायचा होता. तो उतरला नाही, तर हे सारे गाव तिच्याकडे वळणार होते.

“उतरायचं न्हाई,” ती म्हणाली. हसू थांबले. “ह्या पट्टीला तेल लागलंय. मीच लावलंय.”

शेषेरावांनी तिच्याकडून ते पुन्हा वदवून घेतले. कुणी म्हणाले, एका खेपेला टिकेल, उतरू द्या. कुणी म्हणाले, बाईमाणसाच्या हाती असली वस्तू द्यावीच कशाला. धुरपताने घागर दगडावर आपटली.  वीरण्णाने मात्र शेषेरावांकडे ट्रॅक्टरची जुनी ट्यूब मागितली. ही पट्टी कापून काढू, ट्यूबचा तुकडा चिकटवू, रात्रभर सुकू देऊ आणि उद्या सकाळी उतरू, असे त्याने समजावले. शेषेरावांनी नाइलाजाने मान हलवली. लोक पुटपुटत बांध उतरले. घागरींचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मग महानंदाने त्याच्या पाठीवरची चेन ओढली.  ती म्हणाली, की चूक माझी, चार शब्द बोला तरी.

“मला सकाळीच वास आलता तेलाचा,” वीरण्णा म्हणाला.

तिचे हात थांबले. “मग अंगात कशाला घातलात?”

“एवढं गाव आशेनं उभं. माझ्यानं न्हाई म्हणवंना. म्हणून तर तुला ऐकू यावं असं साहेबाला मोठ्यानं सांगून राहिलो होतो.”

“आन् मी गप राहिले असते तर?”

वीरण्णाने एक पाय सूटमधून बाहेर काढला. मग दुसरा.

“उतरलो असतो,” तो म्हणाला.