कागदाची दुसरी बाजू

"वळण्यास मंद. भवितव्य नाही." हॉकीच्या निवडचाचणीत मिळालेल्या या शेऱ्याने सोळाव्या वर्षीच ज्याचे खेळणे संपले, तोच आज निवडकर्त्याच्या खुर्चीत विराजमान होता. मैदानावर, शेरा लिहिणाऱ्या त्याच प्रशिक्षकांचा नातू बचावफळीत उभा राहून प्रत्येक चेंडूपाशी अर्धे पाऊल उशिरा पोहोचत होता.

निवडकर्त्याला न ओळखताच वृद्ध प्रशिक्षक काकुळतीला आले. "साहेब, बचावपटू उशिराच घडतो हो! दोन वर्षं तरी द्या पोराला."

"हेच लिहून द्या, सर." निवडकर्त्याने खिशातून घड्या पडलेला एक जीर्ण कागद कोरी बाजू वर ठेवून पुढे केला. सरांनी लगबगीने लिहून खाली सही ठोकली.



"घेतला तुमचा नातू. आता कागद उलटा, आणि मागचं तुमचंच अक्षर त्याला मोठ्यानं वाचून दाखवा."