वाक्य नसलेली आत्या

"सर, जिला एकही वाक्य नाही, तिचा अभ्यास काय करायचा?"

न्दानूने विचारलं आणि मागे म्विकाली आणि कातुंगे एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसल्या. पैज त्यांचीच होती. तालमीत क्यालो सरांना मध्येच प्रश्न विचारायची छाती शाळेत कुणाची नव्हती. न्दानूची होती.

स्पर्धेसाठीचं नाटुकलं छोटंसंच. एकाच अंगणात राहणारे दोन भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. एका दुपारी अचानक तोंड उघडतात आणि जमिनीवरून कडाकडा भांडतात. त्यांची आत्या कोपऱ्यात बसून तुरीच्या शेंगा सोलते. पडदा वर गेल्यापासून खाली येईपर्यंत सोलते. बास! आणि सरांनी ही आत्या दिली कुणाला, तर वर्गातल्या सगळ्यात बडबड्या न्दानूला.

"हिला वाक्यं दिली असती ना सर, तर परीक्षकांचं भाषणही हिनेच उरकलं असतं," थोरला भाऊ झालेली म्विकाली म्हणाली.

सर हसले नाहीत. "भाऊ इतकी वर्षं गप्प होते. मग आजच का बोलले?"

"लेखकाच्या मनात आलं म्हणून," कातुंगे पुटपुटली.

"न्दानू, तू सांग."

"मला काय माहीत? मी तर मुकी."

"मुकी आहे असं कुठे लिहिलंय?" सरांनी संहिता मिटली. "वाक्यांवरून माणूस कळतोच असं नाही. तो गप्प झाला की काय अडतं, त्यावरून कळतो. आज घरी गेलीस की जेवण उरकेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. काय अडतं ते बघ."

"मरेल ही!" म्विकाली ओरडली.

तालीम सुटली. बाकीच्या मुली हसत-खिदळत वसतिगृहाकडे वळल्या. न्दानू एकटी फाटकाबाहेर पडली. अख्ख्या नाटकात रोज घरी जाणारी तीच एक. पण पुढच्या सत्रापासून तीही वसतिगृहात राहणार होती. आईबाबा कबूल झाले होते. त्या दिवशी ती आनंदाने कोंबड्यांनाही सांगत सुटली होती.

घरी आल्यावर तिने तीन पायांचं बुटकं स्टूल ओढलं आणि आत्यासारखी कोपऱ्यात बसली. मांडीवर सूप, सुपात तुरीच्या शेंगा. आई शेगडीशी. बाबा दाराशी, रेडिओच्या खरखरीत स्टेशन शोधत. दोघांच्या मध्ये हात लांबवला तर पोचेल एवढंच अंतर.

"न्दानू, बाबांना सांग, मुथोकोई झालंय. हात धुवा म्हणावं."

न्दानूने शेंग सोलली.

बाबा हलले नाहीत. त्यांना ऐकू गेलं नव्हतं असं नाही. मक्या-घेवड्याच्या त्या मुथोकोईचा वास तर शेजारच्या अंगणात पोचला होता. पण ते वाट बघत राहिले, अजून निरोप आलाच नसल्यासारखे.

थोड्या वेळाने तेच म्हणाले, "न्दानू, आईला विचार, आज पाणी आलं होतं का?"

न्दानूने दुसरी शेंग घेतली. आईने पळी पातेल्यात फिरवली. पाण्याने भरलेले पिवळे कॅन बाबांच्या समोरच उभे होते.

शेंगा सोलता सोलता न्दानू आठवू लागली. हे दोघं एकमेकांशी शेवटचं कधी बोलले? बाबा कामासाठी मोंबासाला होते तेव्हा रविवारी फोन यायचा. फोन तिच्याच हातात असायचा. "आई, बाबा विचारतायत, पाऊस पडला का?" "बाबा, आई म्हणते, शेळी व्याली." तेव्हा ती लहान होती. आपल्याला मोठ्या माणसांची कामं सांगतात म्हणून केवढा तोरा मिरवायची! आपण बोलतो ते दोघांनाही आवडतं, असंच तिला आजवर वाटत आलं होतं. घरात माणसं तीन, आणि बोलणारी ती एकटी.

एवढं एकटं तिला फाटकाबाहेरच्या रस्त्यावरही कधी वाटलं नव्हतं.

मुथोकोई गार होऊन घट्ट झालं. रेडिओ बंद झाला. आईने एकदा तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग बाबा दाराकडे बघतच म्हणाले, "न्दानू, आईला विचार, न्दानूला काय झालंय?"

तिला हसू आलं. पण ते टिकलं नाही.

आपण वसतिगृहात गेल्यावर हे दोघं असेच बसणार. थंड पातेलं मध्ये ठेवून. "नाही जात मी," हे शब्द अगदी ओठांवर आले. तेवढ्यात तिचं लक्ष हातांकडे गेलं. सुपात दाण्यांचा ढीग झाला होता. तिला ती आत्या आठवली. अंगणाच्या या टोकाचं त्या टोकाला सांगत म्हातारी झालेली. एका दुपारी शेंगा घेऊन कोपऱ्यात बसलेली. आणि मग भाऊ पहिल्यांदा तोंडावर भांडले. भांडले, पण एकमेकांशी.

आत्या मुकी नव्हतीच.

न्दानू उठली. जेवण उरकलं नव्हतं, पण सरांना ती उद्या बघून घेणार होती. तिने सूप बरोबर दोघांच्या मध्ये ठेवलं.

"आई, बाबा, माझं ठरलंय. पुढच्या सत्रात मी वसतिगृहात जाणार. आणि तोवर या घरात मला एकही वाक्य नाही."