खून डॉक्टरनंच केलाय

“खून डॉक्टरनंच केलाय,” थिएटरच्या दारात तिकीट दाखवता दाखवता कुंदानं नवऱ्याला सांगून टाकलं. ज्या कादंबरीवर हा सिनेमा निघाला होता, तीही तिनं नेहमीसारखीच वाचली होती. म्हणजे आधी शेवटचं पान, तेही वाचनालयाच्या काउंटरपाशी उभ्याउभ्याच. मग घरी येऊन चपला काढायच्या आत खुन्याचं नाव जाहीर! लग्न झाल्यापासून विश्वासरावांना एकही रहस्यकथा धडधडत्या छातीनं वाचायला मिळाली नव्हती.

आज मात्र डाव त्यांच्या हातात होता. सिनेमावाल्यांनी खुनी बदललाय असं कानावर आल्याबरोबर ते काल गुपचूप एकटेच येऊन सिनेमा बघून गेले होते. मध्यंतरात हिला नाव सांगायचं आणि आजवरच्या सगळ्या कादंबऱ्यांचं उट्टं काढायचं!

मध्यंतराच्या तोंडावर पडद्यावर डॉक्टरचाच मुडदा पडला. कुंदा किंचाळली. दिवे लागले तरी तिनं नवऱ्याचा दंड सोडला नाही. आत येताना घेतलेला समोसा तिच्या दुसऱ्या हातात तसाच राहिला.

“अहो, मग खुनी कोण?”

नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण तिचे ते विस्फारलेले डोळे बघून विश्वासरावांनी ते गिळून टाकलं. आपल्याला नाही मिळालं हे सुख, निदान हिला तरी मिळू दे.

“मला काय माहीत? बघू या की.”

सिनेमा संपेपर्यंत त्यांच्या दंडावर वळ उठले. बाहेर पडताना त्यांनी मोठ्या आशेनं विचारलं, “काय, आली ना मजा?”

“डोंबलाची मजा!” कुंदा फणकारली. “त्यापेक्षा पुस्तक बरं. जीव टांगणीला लागला, तर शेवटचं पान तरी उघडता येतं.”